नलिनी मालानी यांची छायानाट्ये

चित्रकार नलिनी मालानी (जन्म १९४६, कराची) यांनी घडवलेला मांडणशिल्पाचा एक प्रकार. फिरती रंगवलेली नळकांडी, प्रक्षेपकाचा प्रकाश आणि भिंतींवरच्या सावल्या यांतून तो उभा राहतो.

मुळे मुंबईतली. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तिथे पदमसींनी केलेला ‘सिझिजी’ (१९७०) हा मूक चित्रपट फक्त रेषा आणि बिंदूंचा. माणूस त्यात नाही. जे. जे. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मालानींनी मात्र ‘ओनॅनिझम’मध्ये (१९६९) पलंगावर तळमळणारी स्त्री दाखवली. हलत्या प्रतिमेत मानवाकृती टिकवण्याचा हा हट्ट त्यांनी पुढे कधी सोडला नाही, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे.

रचना साधी आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर मागच्या बाजूने चित्र काढायचे, म्हणजे डोळे-ओठांचे बारकावे आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. पत्रा गोल वळवून छतापासून टांगतात. मोटर तो संथ फिरवते. प्रकाश आरपार जाताच देह भिंतीवर सरकू लागतात, मोठे होत जातात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्यावरच चलचित्रही पडत राहते. चित्र स्थिर असते. चाल त्याला प्रकाश देतो. ‘ट्रान्सग्रेशन्स’मध्ये (२००१) अशी चार नळकांडी आहेत; २०१२च्या कासेल येथील डॉक्युमेंटात मांडलेल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’मध्ये पाच. या दुसऱ्या कृतीत ग्रीक पुराणकथेतली कॅसँड्रा आणि महाश्वेता देवींच्या कथेतली द्रौपदी एकाच खोलीत भेटतात. बाईचा आवाज ऐकला जात नाही, हे दुखणे दोघींचे.

फाळणीत मालानींचे कुटुंब सिंध सोडून भारतात आले. भारताच्या अणुचाचण्यांनंतर केलेले ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) हे चलचित्र-मांडणशिल्प मंटोच्या फाळणीवरच्या कथेवर उभे आहे. जिथल्या करोल बागेसारख्या वस्त्या फाळणीच्या निर्वासितांनी भरल्या, त्या दिल्लीत २०१४ मध्ये किरण नाडर कलासंग्रहालयाने मालानींच्या १९६९पासूनच्या कामाचे तीन भागांत सिंहावलोकन घडवले. हे काम आधी याच शहराने पाहायला हवे होते.

हलत्या प्रतिमेचा हाच ध्यास पुढे नेत २०१७पासून त्या आयपॅडवर थेट बोटाने चित्रे काढून ती हलती करतात. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२० मध्ये अशी ८८ चलत्‌चित्रे एका खोलीच्या भिंतींवर धावत होती.