फ्लॉपीचं सोंग

एखादी जुनी बूटेबल सीडी, समजा विंडोज ९८ची, हेक्स एडिटरमध्ये उघडली तर आधी बराच वेळ काहीच हाती लागत नाही. पहिले ३२ किलोबाइट राखीव, बहुधा कोरेच. त्यानंतरच्या सेक्टरमध्ये सीडीचं नाव, आकार वगैरे प्रपंच. आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे शून्यापासून मोजलं तर सतराव्या सेक्टरमध्ये ठळक कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘एल टोरिटो स्पेसिफिकेशन’. कॉम्प्युटर चालू होताना सर्वांत आधी धावणारा प्रोग्रॅम, बायॉस, सीडीवर नेमकं हेच नाव शोधतो. सापडलं तर सीडी बूट होण्याच्या लायकीची, नाही तर ती नुसती फायलींची तबकडी.

एल टोरिटो ही कॅलिफोर्नियातली मेक्सिकन रेस्तराँची साखळी. लॅरी कॅनो या गृहस्थाने १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात ती सुरू केली. तिच्या अर्व्हाइन शहरातल्या शाखेत जेवता जेवता फिनिक्स टेक्नॉलॉजीजचे कर्टिस स्टीव्हन्स आणि आयबीएमचे स्टॅन मर्किन यांनी सीडी बूट करण्याचा हा आराखडा जुळवला, असं सांगतात. दंतकथा म्हणा हवं तर. पण १.० आवृत्तीच्या दस्तऐवजावर दोघांची नावं आहेत, तारीख आहे २५ जानेवारी १९९५, आणि रेस्तराँचं नाव तर थेट शीर्षकातच आहे. अमेरिकन इंजिनिअरांना ही खोडच असावी. सीडीवर फायली कशा मांडायच्या हे ठरवायला १९८५च्या नोव्हेंबरात अनेक कंपन्यांची माणसं लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेल-कॅसिनोत जमली, आणि त्या मांडणीला ‘हाय सिएरा फॉरमॅट’ हेच नाव पडलं. पुढे १९८८ मध्ये किरकोळ फेरफार होऊन त्याचं आयएसओ ९६६० झालं आणि कॅसिनो कागदोपत्री पुसला गेला. एल टोरिटो मात्र दोन कंपन्यांमधली समजूतच राहिली. त्याचं बारसं पुन्हा करायला कोणी आलं नाही.

या दोन कंपन्या एका टेबलाशी बसल्या यातही गंमत आहे. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा त्यातला बायॉस हीच काय ती तिची मक्तेदारीची वस्तू होती. बाकीचे भाग बाजारात मिळत होते. १९८४ मध्ये फिनिक्सने त्या बायॉसची कायद्यात बसणारी प्रतिकृती तयार केली. एका गटाने आयबीएमचा बायॉस वाचून तो काय काय करतो एवढंच लिहून काढायचं आणि दुसऱ्या गटाने, मूळ ओळ न पाहता, त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहायचा, अशी ती युक्ती. क्लोन पीसींचा पूर आला तो त्यानंतर. म्हणजे जिचं कुलूप फोडलं तीच कंपनी दहा वर्षांनी फोडणाऱ्याबरोबर बसून नव्या दाराचा नकाशा काढत होती.

पण दार कशासाठी हवं होतं, हे कळायला फ्लॉपीच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

आपण फ्लॉपी ओळखतो ती फायली ने-आण करणारी म्हणून. तिचं मूळ काम ते नव्हतंच. सिस्टिम ३७० या मोठ्या कॉम्प्युटरांच्या काळात आयबीएम सेमीकंडक्टर मेमरीकडे वळली. ही मेमरी वेगवान, पण वीज गेली की सगळं विसरणारी. त्यामुळे मशीन चालू करताना त्याची अगदी आतली आज्ञावली, मायक्रोकोड, दर वेळी बाहेरून भरावी लागणार होती. त्यासाठी स्वस्त, पोस्टाने पाठवता येईल असं काहीतरी हवं होतं. अ‍ॅलन शुगार्ट यांच्या देखरेखीखाली सॅन होजेच्या प्रयोगशाळेत डेव्हिड नोबल यांच्या गटाने ते घडवलं, आणि १९७१ मध्ये आठ इंची, सुमारे ८० किलोबाइटची लवचिक तबकडी बाजारात आली. ग्राहकाच्या मशीनवर ती फक्त वाचता येई, लिहिता येत नसे. म्हणजे जगातली पहिली फ्लॉपी मशीनला जागं करण्यासाठीच जन्मली होती. लिहिण्याची सोय, सव्वापाच इंच, साडेतीन इंच, १.४४ मेगाबाइट हा सगळा नंतरचा संसार.

पीसीने तेच नातं पुढे चालवलं. बायॉस ‘ए’ ड्राइव्हमधल्या फ्लॉपीचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो, मेमरीत ठेवतो आणि कारभार त्याच्या हवाली करतो. डॉस, डॉसवरचे प्रोग्रॅम, हार्ड डिस्क दुरुस्त करणारी साधनं, सगळ्यांची वाढ या रिवाजावर झाली. सीडी आली तेव्हा तिच्यात ६५० मेगाबाइट मावत होते, साडेचारशेहून जास्त फ्लॉप्यांचा ऐवज. पण जागं करण्याचा हक्क तिला नव्हता. विंडोज ९५ची सीडी विकत घेतलेल्या माणसालाही कोऱ्या हार्ड डिस्कवर ती चढवायची तर सोबत एक फ्लॉपी लागायची.

स्टीव्हन्स आणि मर्किन यांनी इथे जी वाट काढली ती मला फार हुशारीची वाटते, कारण तिच्यात कोणालाच बदलायला सांगितलेलं नाही. आयएसओ ९६६०मध्ये ‘बूट रेकॉर्ड’ नावाची एक खोली आधीपासून होती, पण आत काय ठेवायचं ते मोकळं सोडलेलं. त्यांनी त्या खोलीत एक पत्ता ठेवला. तो पत्ता एका छोट्या यादीकडे नेतो. यादी खरी आहे याची खूण म्हणून तिच्या पहिल्या नोंदीच्या शेवटी ५५ आणि एए हे दोन बाइट, पीसीच्या बूट सेक्टरच्या शेवटी असतात तेच. यादीत लिहिलेलं असतं की सीडीवर अमुक ठिकाणी एका फ्लॉपीची हुबेहूब प्रत आहे. मग बायॉस सोंग वठवतो. डॉसने ‘ए’ ड्राइव्हचा तमुक सेक्टर मागितला की तो सीडीवरच्या प्रतीतून काढून देतो. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असल्याने एकात फ्लॉपीचे चार बसतात. मशीनला खरी फ्लॉपी असलीच तर ती तोवर मुकाट्याने ‘बी’ होऊन बसते. डॉसला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू.

सोंगालाही मर्यादा होत्या. सीडीवरून उठलेल्या डॉसला उरलेली सीडी दिसायचीच नाही! त्याच्या लेखी तो फ्लॉपीवरून उठलेला. सीडी पाहायची तर सीडी-रॉमचा ड्रायव्हर आणि एमएससीडीईएक्स हा प्रोग्रॅम त्या १.४४ मेगाबाइटमध्येच कोंबावा लागे. लिनक्सवाल्यांना तेवढी जागा पुरेना, म्हणून त्यांनी २.८८ मेगाबाइटच्या फ्लॉपीचं सोंग घेतलं. ती खरी फ्लॉपी बाजारात जेमतेम रुजली होती. तिच्या प्रती सीडींवर मात्र उदंड झाल्या. सोंग न घेता थेट उठण्याचा पर्यायही दस्तऐवजात होता, विंडोज एनटी ४ने १९९६ मध्ये तोच वापरला. पुढे पीटर अ‍ॅनव्हिन यांच्या आयसोलिनक्सने लिनक्ससाठी तीच वाट रूढ केली. पण काही जुने बायॉस त्या वाटेवर अडखळत, म्हणून सोंग बरीच वर्षं टिकलं.

सगळ्यात विनोदी भाग सीडी बनवण्याचा. नीरोसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘सीडी-रॉम बूट’ निवडलं की तो आधी ‘ए’ ड्राइव्हमधली फ्लॉपी मागायचा. फ्लॉपी नसलेल्या मशीनसाठी सीडी करायची, तर त्यासाठी फ्लॉपी असलेलं मशीन शोधा. सुटका होती इमेज फाइलमध्ये. बरोबर १४,७४,५६० बाइटची एक फाइल, म्हणजे फ्लॉपी वजा प्लास्टिक. ती कुठूनही उतरवून घ्यायची आणि नीरोला किंवा मेकआयएसओएफएससारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमला दाखवायची. मदरबोर्डचा बायॉस बदलायचा प्रोग्रॅम अनेकदा फक्त डॉसवर चालत असे, तेव्हा अशा फाइलमध्ये बहुधा फ्रीडॉस, डॉसचा मोफत अवतार, असे. ते जिम हॉल यांनी १९९४ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स इथल्या शाखेत शिकत असताना, सुरू केलेलं.

आपल्याकडे हे ज्ञान घरोघर पोचलं ते असेंबल्ड पीसीवाल्यांमुळे. व्हायरस शिरला की त्यांच्यातला एखादा मुलगा सीडींचं पाऊच घेऊन यायचा, ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणायचा आणि डिलीटची कळ टकाटका दाबत निळ्या पडद्यावर फर्स्ट बूट डिव्हाइस सीडीरॉम करून टाकायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या सीडी कुठून येत हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

अ‍ॅपलने ऑगस्ट १९९८ मध्ये आयमॅक फ्लॉपीशिवाय विकायला काढला तेव्हा गहजब झाला, पण मॅक आधीपासूनच सीडीवरून उठत होते, त्यांना एल टोरिटोची गरजच नव्हती. पीसीच्या दुनियेत डेलने २००३ मध्ये डायमेन्शन मालिकेतून फ्लॉपी ड्राइव्ह आपसूक देणं थांबवलं. आणि तरीही त्या मशीनवर एक्सपी चढवताना सीडी झकास उठायची, पण सुरुवातीलाच हार्ड डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा म्हणून एफ ६ दाबलं, की ‘ए’ ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला असा हुकूम. लोक मग तो ड्रायव्हर आधीच आत घालून एक्सपीची नवी सीडी भाजत. इतका खटाटोप एका नसलेल्या ड्राइव्हपायी.

आता बायॉसच्या जागी यूईएफआय आलं आहे. तेही सीडीवरून उठायचं तर एल टोरिटोचीच यादी वाचतं. फ्लॉपीचं सोंग त्याने टाकलं, पण यादीतून ज्या इमेजकडे जातं ती फॅट पद्धतीने मांडलेली, म्हणजे डॉसच्या फ्लॉपीचीच मांडणी. जुन्या मशीनसाठी फ्रीडॉसची २०२२ची १.३ आवृत्ती ‘लेगसी’, म्हणजे सोंगवाल्या, सीडीची आयएसओ फाइल वेगळी देते. ती व्हर्च्युअलबॉक्स या आभासी कॉम्प्युटरला लावून पाहावी. कॉम्प्युटर खोटा, सीडी ड्राइव्ह खोटा, सीडी खोटी, आणि तिच्यातून डॉस उठतो तो आपण फ्लॉपीवरून उठलो याच खात्रीने.