वलूरकचें लेणें व करजिक गांव

कार्ल्याच्या डोंगरांतील चैत्यगृह पाहण्यास जाणारांची दृष्टि त्याच्या भव्यतेनेंच दिपून जाते. सुमारें १२४ फूट लांबी, ३७ स्तंभ आणि छताखालीं अद्यापि शाबूत असलेल्या जुन्या लांकडी कमानी! परंतु संशोधकास त्याहून मोलाचे आहेत ते दर्शनी भिंतीवरील प्राकृत लेख. देवस्थानाचा योगक्षेम कशावर चालत असे, हें त्यांवरून कळतें.

नहपानाचा जावई दीनिकपुत्र उषवदात याच्या लेखांत, वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या वर्षावासांतील निर्वाहासाठीं करजिक हा गांव दिल्याचें नमूद आहे. वलूरक हें या स्थळाचें प्राचीन नांव. पायथ्याच्या वेहेरगांवाच्या नांवांत ‘विहार’ शब्द अवशिष्ट दिसतो.

याच गांवाची गोष्ट दुसऱ्या एका लेखांत पुन्हां येते. हा लेख म्हणजे मामाल येथील अमात्यास केलेली राजाज्ञा होय. ‘मामालाहार’ हा शब्दहि तींत आहे. आपल्या मावळाचें हें प्राचीन रूप. आरंभ खंडित झाल्यानें राजाचें नांव गेलें आहे, तरी बहुतेक विद्वान् ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात, व तें सयुक्तिक वाटतें. नहपानाचा पराभव त्यानेंच केला. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नहपानी नाण्यांवर सातकर्णीचा छाप पुन्हां मारलेला आहे. नाण्यांची जी गत, तीच दानपत्रांची! राज्य पालटतांच इनामाची सनद नवी करून घ्यावी लागे, हें पेशवाई दप्तरें चाळणारांस नवें नाहीं.

मात्र ही केवळ नक्कल नव्हे. उषवदाताचें दान चातुर्दिश संघास होतें. राजाज्ञेंत तोच गांव महासांघिक निकायाच्या भिक्षूंस, भिक्षुहल म्हणून, सवलतींसह दिला आहे. म्हणजे सर्वांस खुली असलेली वृत्ति एका निकायाची झाली. आमच्या मतें या फरकाकडे द्यावें तेवढें लक्ष दिलें गेलेलें नाहीं. पुळुमावीच्या २४ व्या वर्षीं हरफरणानें येथें नऊ खोल्यांचा मंडप दिला, तोहि महासांघिकांसच.

दानकर्ते सर्वच राजे नव्हते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह सिद्धीस नेलें, दारापुढील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकानें दिला, आणि अनेक स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांचीं नांवें आहेत. आज त्या अंगणांत कोळ्यांची कुलदेवता एकवीरा नांदते व चैत्रांत यात्रा भरते.