उत्तरें तपासण्याची विद्या

गेल्या उन्हाळ्यांत बीबीस जाण्याचा योग आला. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांतलें हें गांव. एका अंगास लोणारचें सरोवर, दुसऱ्या अंगास जिजाबाईंचें सिंदखेड राजा. आमच्या आतेबहिणीचें घर तेथें आहे. तिची मुलगी वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठीं ‘नीट’ परीक्षेची तयारी करीत होती. ओसरीवर बसून तिनें १८० प्रश्नांची सराव-परीक्षा सोडविली, छापील उत्तरांशीं ताडून पाहिली, चुकलेल्या प्रश्नांचीं स्पष्टीकरणें वाचलीं आणि गुणांची बेरीज मांडून वही मिटली. मीं तिच्या एका बरोबर उत्तरावर बोट ठेवून विचारलें, ‘‘हें असेंच कां?’’ ती घुटमळली व म्हणाली, ‘‘मामा, तें अंदाजानें लागलें. पण बरोबर आलेलीं पुन्हां कशाला पाहायचीं?’’

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. त्याच्या मागें आपल्याकडील प्रवेश-परीक्षांचा दीडशेंहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, असाच आपल्या घरांतून समज रुळला. मुळांत ती विद्यापीठाची प्रवेश-परीक्षा होती. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. १३२ उमेदवारांपैकीं जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले; त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्यापूर्वीं आपल्याकडे तपासणी नव्हती असें नाहीं. वेदपाठशाळेंत संथा म्हणतांना स्वर चुकला कीं गुरु तेथेंच थांबवीत आणि तेंच पद पुन्हां म्हणवून घेत. पंतोजीच्या शाळेंत धुळाक्षरावर मूल कित्ता गिरवी आणि चूक तत्काळ पुसली जाई. या दोन्ही रीतींत चूक आणि दुरुस्ती यांमध्यें वेळ जात नसे. लेखी परीक्षेनें हा काळ लांबविला. परंतु त्याबद्दल एक मोठी देणगीही दिली. विद्यार्थ्याचा विचार कागदावर उमटूं लागला.

भाषांतराचेंच उदाहरण घ्या. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. तेथें शिकविणारे वामन शिवराम आपटे यांनीं संस्कृत रचनेवरील आपलें इंग्रजी पुस्तक १८८१ सालीं प्रसिद्ध केलें. त्याची मांडणी अशी कीं, आधीं नियम, मग उदाहरणें आणि शेवटीं विद्यार्थ्यानें स्वतः करावयाचीं वाक्यें. असें केलेलें वाक्य शिक्षकापुढें आलें म्हणजे विभक्ति चुकली, कीं धातूचें पद चुकलें, कीं इंग्रजी वाक्याचा अर्थच लागला नव्हता, हें त्याला अक्षरावरून वाचतां येई. तांबड्या शाईची रेघ नेमकी रोगाच्या जागीं पडे. अर्थात् त्या काळचें फार कौतुक करण्याचें कारण नाहीं. एका वर्गाच्या वह्या एका शिक्षकाच्या टेबलावर आठवडाभर पडून राहत, आणि परत आल्यावर आम्हीं मुलें समासांतील टिपण्या सोडून पहिल्यानें गुणच पाहत असूं!

पुढें पर्यायी प्रश्नांचें युग आलें. अमेरिकेंत १९१५ च्या सुमारास फ्रेडरिक केली यानें वाचनपरीक्षेंत या जातीचे प्रश्न घातले. आणि १९२० नंतरच्या दशकांत ओहायओ स्टेट विद्यापीठांतील सिडनी प्रेसी यानें असें एक यंत्र केलें कीं, योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न दिसतच नसे. पाठशाळेंतील गुरूचें काम कळीनें पतकरलें म्हणा ना! तथापि जें कागदावर उमटत होतें तें नाहींसें झालें. काळें केलेलें वर्तुळ ज्ञानानें भरलें कीं नशिबानें, हें कोणत्याही परीक्षकास सांगतां येत नाहीं. नीटमध्यें बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीस एक वजा असा हिशेब असतो. चार पर्यायांच्या चार प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरीनें एक बरोबर आणि तीन चूक. म्हणजे अज्ञानालाही एक गुण नफाच. मग गुणांची बेरीज पाहून अभ्यासाची परीक्षा कशी व्हावी?

या बाबतींत अलीकडील मानसशास्त्रज्ञांचें काम मननीय आहे. २००१ सालीं बटरफील्ड आणि मेटकाफ यांना असें आढळलें कीं, जी चूक माणूस ठाम विश्वासानें करतो ती दाखवून दिली असतां अधिक सहज सुधारते. बहुधा आश्चर्याच्या धक्क्यानें लक्ष तेथें खिळत असावें. २००५ सालीं रोएडिगर आणि मार्श यांनीं दाखविलें कीं, पर्यायी प्रश्न सोडवितांना निवडलेला खोटा पर्याय मागाहून खरा म्हणून आठवूं लागतो. आणि २००८ सालच्या बटलर, कार्पिक व रोएडिगर यांच्या प्रयोगांत तर आमच्या भाचीच्या प्रश्नाचेंच उत्तर आहे: डळमळीत मनानें दिलेलें बरोबर उत्तर योग्य होतें असें विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं, तर तेंही पुढें निसटतें.

तेव्हां नुसती बेरीज करणें ही पद्धति सर्वांत हलकी. स्पष्टीकरण वाचणें तीहून बरें, पण फसवें. कारण दुसऱ्याचें विवेचन वाचतांना तें आपल्याला पूर्वींच ठाऊक होतें असा भास होतो. चुकांची स्वतंत्र वही ठेवणें चांगलें, मात्र पुष्कळ मुलें तींत छापील उत्तर सुंदर अक्षरांत उतरवून ठेवतात, आणि चूक कां झाली हा रकानाच नसतो. माझें मत त्या वहीच्या बाजूचें आहे, पण दोन अटींवर. उत्तर देतांनाच, निकाल कळण्यापूर्वीं, शंका असलेल्या प्रश्नापुढें टिंब द्यावें. आणि दोन-चार दिवसांनीं तें पान झांकून तोच प्रश्न कारणासह पुन्हां कागदावर सोडवावा. यांत वेळ जातो हें खरें. आठवड्यांत तीन परीक्षा सोडविणाऱ्यास कदाचित् एकीवरच थांबावें लागेल. लातूरच्या किंवा कोट्याच्या वर्गांत निदान शंका विचारण्यास शिक्षक असतो. बीबीच्या ओसरीवर ज्या मुलीला एकटीनें बसावयाचें, तिला तो शिक्षक आपल्याच पेन्सिलींतून उभा करावा लागतो.

हें सारें मीं तिला सांगितलें तेव्हां तिनें निमूटपणें ऐकलें; पटलें असें कांहीं दिसलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र नव्या प्रश्नपत्रिकेवर टिंबें होतीं. रसायनशास्त्राच्या पंचेचाळीस प्रश्नांत तिचे एकतीस बरोबर आले होते, आणि त्या एकतिसांपैकीं अकरांपुढें टिंब होतें. आतेबहीण चहा घेऊन आली तेव्हां गुणांची बेरीज अजून व्हावयाचीच होती, आणि मुलगी त्या अकरांतल्या पहिल्या प्रश्नावर कोऱ्या कागदावर कांहीं मांडीत बसली होती.