उपयोगिता चाचणीचे नियोजन

उपयोगिता चाचणी म्हणजे एखादे उत्पादन वा सेवा प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तींकडून ठरावीक कामे करवून घेऊन त्यांचे निरीक्षण करण्याची पद्धत होय. या चाचणीत परीक्षा रचनेची असते, वापरकर्त्याची नव्हे. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उपयोगिता परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन निकषांवर मोजली जाते; तीही विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्टे आणि विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच. त्यामुळे चाचणीचे मोल बहुतांशी तिच्या नियोजनावर ठरते.

नियोजनाचे टप्पे

प्रथम चाचणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते निश्चित केले जाते. त्यानंतर सहभागींची निवड, कामांची यादी, स्थळ, नोंदींची पद्धत आणि यशाचे निकष ठरवले जातात. मुख्य चाचणीपूर्वी एका व्यक्तीसह रंगीत तालीम घेतल्यास सूचनांमधील संदिग्धता आधीच उघड होते. सहभागीची संमती घेणे आवश्यक असते. काम करताना मनात येणारे विचार मोठ्याने बोलण्यास त्याला सांगितले जाते. निरीक्षकाने मात्र मदतीचा मोह टाळावा लागतो.

सहभागींची संख्या

याकोब नीलसन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार एका सहभागीमागे सरासरी ३१ टक्के दोष आढळतात. या हिशेबाने ५ सहभागींकडून सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. मात्र हा हिशेब एकसारख्या वापरकर्त्यांना लागू पडतो. गट भिन्न असल्यास प्रत्येक गटातून स्वतंत्र सहभागी घ्यावे लागतात.

उदाहरण : ई-पीक पाहणी

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणी ॲपद्वारे शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. ही नोंद सातबाऱ्यावरील गाव नमुना १२ मध्ये येते. नुकसानभरपाई, पीक विमा आणि शासकीय खरेदी यांत तिचा उपयोग होत असल्याने चुकलेल्या नोंदीची झळ थेट शेतकऱ्याला बसू शकते.

अशा ॲपची चाचणी लातूर व नांदेड जिल्ह्यांत आखावयाची झाल्यास केवळ तरुण, स्मार्टफोन सराईतपणे वापरणारे सहभागी पुरेसे ठरणार नाहीत. वयस्क शेतकरी, महिला खातेदार, तसेच नांदेडच्या सीमाभागातील तेलुगू व कन्नड भाषक आणि किनवट परिसरातील गोंडी व बंजारा भाषक यांचाही समावेश आवश्यक ठरतो. चाचणीचे स्थळ कार्यालय नसून शेत असावे. कारण उन्हात पडदा नीट न दिसणे, चिखलाने माखलेले हात आणि खंडित इंटरनेट या अडचणी तेथेच प्रकट होतात.

कामाची शब्दयोजनाही महत्त्वाची असते. ‘मिश्र पीक हा पर्याय निवडा’ असे सांगितल्यास उत्तरच हाती दिले जाते. त्याऐवजी ‘तुमच्या सोयाबीनमध्ये तूर आहे, दोन्हींची नोंद करा’ असे सांगितल्यास ‘निर्भेळ’ व ‘मिश्र’ या संज्ञा शेतकऱ्याला उमगतात की नाही हे कळते. चुकीची नोंद दुरुस्त करणे हेही स्वतंत्र काम म्हणून द्यावे.

निष्कर्षांचा उपयोग

आढळलेल्या दोषांची वर्गवारी त्यांच्या गांभीर्यानुसार आणि ते किती सहभागींना जाणवले यानुसार केली जाते. दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी घेतली जाते. एकाच मोठ्या चाचणीपेक्षा लहान चाचण्यांच्या अनेक फेऱ्या अधिक उपयुक्त मानल्या जातात, कारण एका दुरुस्तीतून नवा दोष उद्भवू शकतो.