एका भिंतीवरचे दोन पाटील

"तुम्ही पाटील, मग जैन कसे?" पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मला किती वेळा ऐकावा लागला, मोजदाद नाही. जैन म्हटलं की इथे लक्ष्मी रोडवरचा व्यापारीच डोळ्यांसमोर येतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे दिगंबर जैन आहेत, हे मुद्दाम सांगावं लागतं.

आमच्या गावच्या घरात एकाच भिंतीवर दोन फोटो होते. आचार्य शांतिसागरांचा आजीने लावलेला, कर्मवीर भाऊरावांचा वडिलांनी. दोघेही आमच्याच भागातल्या पाटील घराण्यांतले; एक भोजचे, दुसरे कुंभोजचे. दोघेही सुधारक, पण वाटा उलट्या.

शांतिसागरांना धर्म मूळपदावर आणायचा होता. त्या काळी इकडचे मुनी गावात येताना वस्त्र पांघरत आणि उपाध्ये ठरवील त्या घरी आहार घेत. १९२० साली मुनिदीक्षा घेतल्यावर शांतिसागरांनी हे बंद केलं. श्रावकांच्या घरांतली इतर दैवतांची पूजाही सोडायला लावली.

भाऊराव कुंपणाबाहेर पडले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ सालची. शिक्षणाचा प्रसार हे तिचं मोठं काम. पण कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकणारे भाऊराव अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळीला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली.

खरा पेच पुढेच आला. मुंबई राज्याने १९४७ मध्ये हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. जैन हा स्वतंत्र धर्म आहे, हा कायदा आम्हाला लागू नये, म्हणून शांतिसागरांनी १९४८ मध्ये अन्नधान्य सोडलं. १९५१ साली उच्च न्यायालयाचा निकाल जैनांच्या बाजूने लागल्यावरच ते पुन्हा घेतलं. तेव्हा आजीनेही गहू सोडला होता. आणि वडील त्याच साताऱ्याच्या पंगतीत जेवून वाढलेले! माय-लेकांत काय बोलणं झालं असेल, कोण जाणे. फोटो मात्र कुणी कुणाचा उतरवला नाही.

मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे माझा कौल भाऊरावांना. देवळाचं दार कुणालाही बंद नसावं, असंच मला वाटतं. पण १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन शांतपणे देह ठेवणाऱ्या त्या मुनींपुढे हात आपोआप जोडले जातात. सत्तरी उलटली तरी हे कोडं सुटलेलं नाही.

असो. घर पाडलं तेव्हा ते फोटो कुणी नेले? नातेवाइकांपैकी कुणाकडे असतील तर जरूर कळवा. दोन्ही मिळाले तर बरं.