वंशावळीची साक्ष : रेड रम घोड्याचें प्रकरण

वंशावळ हें साधन कितपत विश्वसनीय, हा प्रश्न आम्हां संशोधकांस नित्याचा आहे. घोड्यांच्या लिलांवांत त्याचें उत्तर रोख मोजावें लागतें. आयर्लंडांत १९६५ सालीं जन्मलेल्या ‘रेड रम’चें उदाहरण घ्यावें. आई ‘मारेड’ व बाप ‘क्वोरम’ यांच्या इंग्रजी नांवांतील शेवटचीं तीन-तीन अक्षरें जोडून त्याचें नांव बनलें, म्हणजे वंशावळ नांवांतच कोरलेली! क्वोरम १९५७ च्या ‘टू थाउझंड गिनीज’ शर्यतींत दुसरा आला. परंतु ती सपाटीवरची मैलाची शर्यत. त्याचें शिंगरूं साडेचार मैल धांवून तीस अडथळे ओलांडील, असें अनुमान कोण करणार? १९६६ त डब्लिनच्या लिलांवांत तें ४०० गिनींस गेलें. घेणारे टिम मलोनी स्वतः अडथळ्यांच्या शर्यतींतील नामांकित स्वार. तरी शिंगरूं प्रथम धांवलें तें ५ फर्लांगच. १९७२ त डॉन्कास्टर येथें त्याच घोड्यास ६,००० गिनी पडल्या. ही बोली बापाच्या नांवावर नव्हे, त्याच्या स्वतःच्या कामगिरीवर होती. पुढें १९७३, १९७४ व १९७७ त त्यानें ‘ग्रँड नॅशनल’ जिंकली.

तेव्हां वंशावळ खोटी नव्हे, अपुरी होती. अडथळ्यांचा घोडा सहा-सात वर्षांचा होईतों पारखतां येत नाहीं. तोंवर त्याचा बाप म्हातारा झालेला वा मेलेला असतो. शिवाय असले बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात. रेड रमही तसाच होता. त्याची वंशावळ त्याच्यापाशींच संपते.