ऊ आणि उलटणारा ताप

ऊ हा शब्द चारचौघांत उच्चारला कीं सभ्य माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीहि घरांत शाळेंत जाणारी मुलगी असली कीं बारीक दातांची फणी कधींतरी शोधावी लागतेच. परंतु या क्षुद्र जीवाच्या एका जातीनें मुंबईच्या इतिहासांत जें केलें, तें फणीनें निस्तरण्यासारखें नव्हतें.

१८७६-७८ च्या दुष्काळांत दख्खनमधून भुकेल्या माणसांचे थवे मुंबईंत आले. १८७७ सालीं शहरांत एक विलक्षण ताप पसरला. पांच-सहा दिवस अंग भाजून निघावें, मग घाम येऊन ताप एकाएकी उतरावा, घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकावा, आणि आठवड्याभरानें तोच ताप पुन्हां उलटावा, असा त्याचा क्रम असे. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनीं रोग्यांच्या रक्तांत मळसूत्रासारखे पिळदार जंतु ओळखले. बर्लिनच्या ओबरमायर यांनीं असेच जंतु १८७३ सालीं जाहीर केले होते. कार्टर यांनीं हा रोग माकडांनाहि टोचून दाखविला. (ग्रेच्या शरीररचनेवरील विख्यात ग्रंथांतील चित्रें काढणारे कार्टर ते हेच.) चोर सांपडला, पण तो एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत शिरतो कसा, हें कोडें तसेंच राहिलें.

तें सुटावयास तीस वर्षें लागलीं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें उंदरांवरील पिसवा प्लेग कसा पसरवितात याचें संशोधन चाललें होतें. त्या कामांतील डॉ. पर्सी मॅकी यांनीं १९०७ सालीं नाशिक येथील एका मिशनच्या वसाहतींत आलेली या तापाची सांथ तपासली. तेथें १७० मुलांपैकीं १३७ आजारी पडले होते, आणि ११४ मुलींपैकीं अवघ्या ३५. वसाहत एक, मग हा फरक कां? मॅकी यांनीं कपडे पाहिले. मुलांच्या कपड्यांत उवांचा सुळसुळाट, मुलींच्या कपड्यांत त्या तुरळक. पुढें मुलींत उवा वाढल्या, तसा तापहि वाढला. उवांच्या पोटांत तेच पिळदार जंतु मिळाले.

ही ऊ डोक्यांतली नव्हे. ती कपड्याच्या शिवणींत राहते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. मादी रोज आठ-दहा लिखा धाग्यांना चिकटविते. अंगाच्या उबेनें त्या सुमारें आठवड्याभरांत फुटतात. पिल्लू तीनदां कात टाकून आणखी दीड-एक आठवड्यांत प्रौढ होतें. तिला पंख नाहींत, उडी मारतां येत नाहीं. अंगाला अंग किंवा कपड्याला कपडा लागला तरच ती घर बदलते. चौघे एका पांघरुणांत निजले कीं तिचें काम झालें. फार तापलेलें अंग तिला सोसत नाहीं. रोगी फणफणला कीं ती शेजाऱ्याची वाट धरते. गंमत अशी, कीं नुसत्या तिच्या चावण्यानें हा रोग होत नाहीं. खाजवितांना ती चिरडते आणि तिच्या अंगांतला रस ओरखड्यांत शिरतो, तेव्हां होतो!

ट्यूनिसच्या शार्ल निकोल यांनीं टायफसचा प्रसार उवांमुळें होतो हें १९०९ सालीं दाखविलें. त्यांना १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. नाशिकचें काम त्यापूर्वींचें, पण तें फारसें कोणाच्या ऐकिवांत नसतें. मॅकी पुढें परळच्या त्याच संस्थेचे संचालक झाले; १९२५ सालीं तिला हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें.

उपाय तसा सोपा. कपडे उकळत्या पाण्यांतून काढले कीं ऊ आणि लीख दोन्ही मरतात. पण १८७७ सालीं तो कोणाला ठाऊक असता, तरी गांव सोडून आलेल्या त्या माणसांपाशीं अंगावरचें वस्त्र उकळत असतां नेसावयास दुसरें कोठून असणार?